जलदान विधीनंतर त्या मुलाशी कोण बोलते?

आपल्या वस्तीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कसा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर मेणबत्त्या लावल्या जातात, बाजूला कालकथिताचा हार घातलेला फोटो असतो. त्रिसरण-पंचशील, परित्राणपाठ, जलदान विधी होतो, मग आदरांजलीची भाषणे सुरू होतात. बौद्धाचार्य बोलतात, शाखेचे अध्यक्ष बोलतात, निवडणूक जवळ आली असेल तर आणखी दोघेतिघे बोलतात. विहाराला धम्मदान जाहीर होते. सरणत्तय होते, लोक जेवून घरी जातात. या सगळ्या वेळात पहिल्या रांगेत पांढऱ्या कपड्यातले चौदा-पंधरा वर्षांचे एक पोर बसलेले असते. गेलेला माणूस त्याचा बाप असतो, किंवा आई, किंवा पाठचा भाऊ. प्रत्येक जण जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, आता तूच घरातला मोठा, रडायचे नाही.

दुसऱ्या दिवशी मंडपवाला खुर्च्या मोजून घेऊन जातो. त्यानंतर त्या पोराशी कोण बोलते, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आताच मांडायला एक कारण आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी लढवलेल्या खटल्यातून हा निकाल आला. बातम्यांमध्ये कोचिंग क्लासचे तेवढे गाजले. पण निकाल शाळा, महाविद्यालये, निवासी अकादमी आणि वसतिगृहांनाही लागू आहे, आणि शासन कायदा करेपर्यंत तो बंधनकारक आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे त्यात आहे. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. आणि ज्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने, भेदभाव न करता वागायचे त्यांची यादी देताना न्यायालयाने अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्गीय यांच्याच ओळीत जवळचे माणूस गमावलेल्या विद्यार्थ्यांचेही नाव घेतले आहे.

आमच्या दृष्टीने या निकालातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. आपल्या मुलांपैकी अनेक जण या यादीत एकदा नव्हे, दोनदा बसतात. रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी, दर्शन सोळंकी या नावांनी आपल्या चळवळीला शिक्षणसंस्थांमधल्या जातीबद्दल बोलायला भाग पाडले. ते बोलणे थांबता कामा नये. पण ज्या वयात मुले त्या संस्थांपर्यंत पोहोचलेलीही नसतात, त्या वयात घरातला मृत्यू त्यांची वाट कशी बदलतो याबद्दल आपण फारसे बोललेलो नाही.

ती वाट कशी बदलते हे वस्तीत राहणाऱ्याला दिसते. बाप गेला तर मुलगा दहावीच्या सुट्टीत कामाला लागतो आणि सुट्टी संपली तरी कामावरच राहतो. आई गेली तर मुलगी धाकट्यांची आई होते. सकाळचे पाणी, डबे, भावाची फी, बापाची दारू, सगळे तिच्याकडे येते, आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत नातेवाईक 'पोरीला कोण बघणार' म्हणून स्थळे आणू लागतात. याला आपण परिस्थिती म्हणतो. शाळा त्याला गळती म्हणते. त्यात शोकाचाही वाटा असतो, हे मात्र कोणत्याच रजिस्टरमध्ये येत नाही. वर्गात लक्ष लागत नाही, रात्री झोप नाही, कोणी 'बाबा काय करतात' विचारले की पोटात गोळा येतो. अशा मुलाला शाळा सोडायला एखादे छोटे निमित्तही पुरते.

शासनाकडे काहीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये देणारी योजना आणली, महाराष्ट्र सरकारने पाच लाखांची मुदत ठेव केली. बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. शेतकरी आत्महत्येत सातबारा, कर्ज यांची छाननी होऊन 'पात्र' ठरलेल्या कुटुंबाला एक लाख मिळतात. गटारात, सेप्टिक टँकमध्ये मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाप्रमाणे तीस लाख रुपये नुकसानभरपाई आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी आहे. हे सगळे मिळवून देण्यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी तहसील आणि महिला व बालविकास कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायलाच हव्यात. पैशाशिवाय शोकालाही सवड मिळत नाही.

पण या प्रत्येक योजनेत मूल हे लाभार्थी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली, त्यातले १३,०४४ विद्यार्थी होते. त्या पावणेदोन लाख माणसांच्या मागे किती शाळकरी मुले उरली, याची मोजणी अहवालात नाही. मोजलेच नाही तर त्यांच्यासाठी काही करायचे कोणाला सुचणार?

जगात इतर ठिकाणी यावर एक साधा उपाय बराच काळ चालू आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात १९८२ मध्ये बेव्हर्ली चॅपेल नावाच्या परिचारिकेने 'डगी सेंटर' सुरू केले. डगी हा तेरा वर्षांचा, मेंदूच्या गाठीने गेलेला मुलगा. दवाखान्यातली मोठी माणसे मरणाबद्दल बोलायचे टाळत होती आणि आजारी मुले एकमेकांशी ते सरळ बोलत होती, असा त्याच्या सहवासातला अनुभव होता. त्यातून हे केंद्र उभे राहिले. पालक किंवा भावंड गमावलेली मुले तिथे वयाप्रमाणे गटाने बसतात. प्रशिक्षित मोठी माणसे सोबत असतात, पण सल्ला देत नाहीत. कोणाला बोलायचे नसेल तर 'मी पास' म्हणायची मोकळीक असते. मुले चित्र काढतात, खेळतात, आणि मधेच कोणीतरी सांगते की आमच्या घरी अजून बाबांच्या चपला दाराशीच आहेत. शेजारचा म्हणतो, आमच्याकडेपण.

हे ऐकून आपल्यातले काही जण म्हणतील, ही पाश्चात्त्य फॅशन आपल्याला कशाला? त्यांनी किसा गोतमीची गोष्ट पुन्हा आठवावी. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या बाईला तथागतांनी लगेच अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, म्हणून त्यांनी तिला गावात पाठवले. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात तिने आपले दुःख सांगितले असेल आणि त्या घराचे ऐकले असेल. या कथेचा शेवट आपण विहारात नेहमी सांगतो. सगळेच मरणार आहेत हा धडा पक्का करतो. मधला भाग, म्हणजे दारोदार बसून झालेले ते बोलणे, आपण एका वाक्यात उरकतो. औषध तिथेच होते, असे आम्हाला वाटते.

पटाचारेची गोष्ट तर याहून थेट आहे. नवरा, दोन मुले, आई-बाप, भाऊ एकामागोमाग गेले आणि ती भान हरपून, अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध न राहता फिरत आली. लोक तिला हाकलत होते. अट्ठकथेत सांगितले आहे की तथागतांनी तिला 'भगिनी' म्हणून हाक मारली, जवळच्या एका माणसाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले, आणि मग धम्म सांगितला गेला. आधी वस्त्र, मग उपदेश. पुढे हीच पटाचारा थेरी झाली. थेरीगाथेत तिच्याकडे आलेल्या पाचशे स्त्रियांच्या गाथा आहेत, मुले गमावलेल्या स्त्रियांच्या. ज्या बाईवरून तो पूर गेला होता तिच्याकडेच त्या आल्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा आधारगट आपल्या त्रिपिटकात नोंदलेला आहे आणि आपण तो पोर्टलंडमध्ये शोधतो आहोत!

'बाबासाहेब रडत बसले असते तर?' हा आणखी एक नेहमीचा डायलॉग. आम्हीही तो लहान मुलांना ऐकवलेला आहे, म्हणून जरा कान पकडून लिहितो. भीमराव लहान असतानाच भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. रमाई तर लग्नाआधीच आई-वडिलांना पोरक्या झालेल्या. या दोघांनी चार लेकरे गमावली. १९२६ मध्ये राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र ज्याने वाचले आहे तो 'बाबासाहेब रडले नाहीत' असे कधी म्हणणार नाही. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या, त्यानंतरचा त्यांचा शोक चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवला आहे, आणि पाच वर्षांनी आलेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकीय ग्रंथ रामूच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. ते रडले आणि त्यांनी काम केले. यातले एक लपवून दुसरे मुलांना शिकवायचे काही कारण नाही.

आता आमच्या अनुभवाबद्दल थोडे, कारण वरचे सगळे वाचून कोणी उद्याच फलक लावून 'शोकग्रस्त किशोर आधार केंद्र' काढील, आणि तसे करू नये असे आम्हाला वाटते.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्याकडच्या एका विहारात आम्ही रविवारी पाच मुलांना एकत्र बसवले. पहिल्या दिवशी आमच्यातल्याच एकाने पाऊण तास चार आर्यसत्ये समजावली. मुले मान खाली घालून बसली. दुसऱ्या रविवारी दोघेच आले. तिसऱ्या वेळी विहाराची साफसफाई निघाली होती, म्हणून बसायचे सोडून सगळे जळमटे काढायला लागलो. तिथे एक मुलगी सहज म्हणाली की आईसारखी आमटी तिला जमत नाही आणि धाकटा भाऊ रोज ताटावर ते बोलून दाखवतो. खराटा मारणारा मुलगा म्हणाला, आमच्याकडे बाबा चहा करायचे, आता कोणीच चहा घेत नाही. त्यानंतर अर्धा तास त्यांचेच बोलणे चालले आणि आम्हाला गप्प बसायचे कळले. गप्प बसणे हे कार्यकर्त्याला सर्वांत अवघड जाते.

पुढे दोन-तीन गोष्टी चुकून चुकून शिकलो. एकाच वस्तीतली मुले घेतली तर ती बोलत नाहीत, कारण संध्याकाळपर्यंत गोष्ट नळावर पोहोचेल याची त्यांना खात्री असते. तीन-चार वस्त्यांची मुले एका विहारात बोलावली तेव्हा तोंडे उघडली. सहा ते दहा मुले पुरेत. दर पंधरा दिवसांनी, तीच वेळ, तीच जागा. ज्यांच्या घरात आत्महत्या झाली आहे त्या मुलांची लाज आणि राग वेगळा असतो. त्यांच्यासोबत प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय तो विषय गटात काढू नये, आणि ते कसे घडले याचा तपशील तर कधीच नको. दोन मोठी माणसे कायम हजर हवीत, त्यात एक बाई हवीच, आणि घरच्यांची संमती हवी. मूल एकट्याने एका कार्यकर्त्याला भेटते आहे अशी वेळ येऊ देऊ नये. हेतू कितीही चांगला असला तरी.

आणि फोटो काढू नये. आपल्याकडे पाच वह्या वाटल्या तरी दहा फोटो फेसबुकवर जातात. इथे एकही जाता कामा नये. प्रमुख पाहुणा नको, सत्कार नको, बॅनर नको. ग्रुपवर नावे नकोत.

याच्याशीच जोडलेली एक कडू गोष्ट आहे. अत्याचारात, गटारात किंवा पोलीस कोठडीत माणूस गेला की आपण मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. पण मोर्चाच्या पुढे बापाचा फ्रेम केलेला फोटो हातात देऊन त्याच्या चौदा वर्षांच्या पोराला उभे करतो. व्यासपीठावर नेऊन माईक देतो. त्याच्या रडण्याने सभा पेटते, घोषणा होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मग प्रकरण न्यायालयात जाते आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. त्या मुलासाठी बाप आता बाप उरत नाही, 'प्रकरण' होतो. बापावर त्याला रागही येत असेल, बापाने केलेला एखादा फालतू विनोद आठवत असेल, पण शहीदाच्या मुलाने ते कुठे बोलायचे? न्यायाची लढाई आणि मुलाचा शोक या दोन्हींना जागा हवी, आणि पहिलीसाठी दुसऱ्याचा वापर होऊ नये. याबाबत आपल्या संघटनांनी आपसात तरी स्पष्ट बोलावे.

या सगळ्याने समुपदेशकाची गरज संपते, असा अर्थ कोणी काढू नये. विहारातल्या चटईवर शासनाची जबाबदारी ढकलायची नाही. मूल आठवडेच्या आठवडे खात नसेल, स्वतःला इजा करत असेल, 'मीपण जातो' म्हणत असेल, तर गटाचे काम त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जाण्याचे आहे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत. बालकांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली लिहावेत. न्यायालयाने शाळा-वसतिगृहांनाही हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावायला सांगितले आहे. आपल्या भागातल्या समाजकल्याणच्या वसतिगृहात ते लागले आहेत का, समुपदेशक नेमला आहे का, एवढे दोन प्रश्न प्रत्येक तालुक्यातल्या तरुणांनी लेखी विचारले तरी बरेच उघड होईल. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

पण समुपदेशक नेमला गेला तरी तो शंभर-दोनशे मुलांमागे एक असणार, आणि बहुधा आपल्या वस्तीबाहेरचा असणार. साध्या माणसांना शिकवून आधार देता येतो, हे आपल्याच भागात सिद्ध झालेले आहे. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ'ने स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावरचे समुपदेशन करून दाखवले. पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीचा 'आत्मीयता' प्रकल्प नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या गावांमधून सुरू झाला; गावातलीच माणसे गावातल्यांचे ऐकतात, अशी त्याची रचना. ही कामे मुख्यतः मोठ्या माणसांसाठीची आहेत. किशोरवयीन मुलांसाठी त्यातून काय घेता येईल, हे समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ठरवावे. दरवर्षी एम.एस.डब्ल्यू. होऊन बाहेर पडणारी आपली मुले थोडी नाहीत. प्रबंधाला विषय शोधत फिरण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा दोन तास त्यांनी विहारात द्यावेत.

आपल्याकडे जागा आहे, हे आपण विसरतो. जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे, आणि रविवारची वंदना सोडली तर बहुतेक दिवस त्याला कुलूप असते. वर्षावासाचे तीन महिने तर ग्रंथवाचनासाठी लोक रोज येतात. त्या काळात एक खोली, एक चटई, पाण्याची कळशी आणि दोन गप्प बसू शकणारी माणसे एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या वेळी कोण येईल हे शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. गेल्या वर्षभरात आपण ज्या-ज्या जलदान विधीला गेलो, त्यांच्या पत्रिका अजून कोणाच्या तरी कपाटात असतील. खाली 'शोकाकुल' म्हणून नावे छापलेली असतात. मुलांची नावे सर्वांत शेवटी असतात.

आमच्या गटातला खराटेवाला मुलगा आता बारावीला आहे. मागच्या सहा डिसेंबरला तो चैत्यभूमीला आला होता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तो त्या रांगेत असायचा. या वेळी रांगेत आठ तास उभे राहताना त्याच्या शेजारी गटातलीच दुसरी दोन मुले होती. तिघे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्याने विचारले, चहा घ्यायचा का.